साधे वेष्टन

वाराणसीच्या गंगातटावर पंचगंगा घाट आणि ब्रह्माघाट यांच्या दरम्यान दुर्गाघाट आहे. पेशव्यांना गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षित पाटणकरांच्या नावाशी या दोन्ही घाटांचा इतिहास जोडलेला असून, अठराव्या शतकापासून वेदाध्ययनासाठी, तीर्थवासासाठी अथवा चाकरीनिमित्त आलेली अनेक महाराष्ट्रीय कुटुंबे या परिसरात स्थायिक झाली. घाटावरून वर आले म्हणजे ब्रह्मचारिणी दुर्गेचे देऊळ लागते आणि पुढे पक्क्या महालाच्या गल्ल्या सुरू होतात. त्या इतक्या अरुंद असतात की समोरून गाय आली तर माणसाने भिंतीला पाठ लावून उभे राहावे. अशा गल्लीतले पानाचे दुकान म्हणजे भिंतीतला एक कोनाडाच. पानवाला मांडी घालून बसलेला असतो. पुढ्यात ओल्या फडक्याखाली पाने, बाजूला चुना, कात आणि जर्द्याचे डबे. पाठीमागच्या फळीवर सिगारेटची पाकिटे व बिड्यांची बंडले. आणि वरून झालरीसारख्या सोडलेल्या पुड्यांच्या लडी. शाळेतून घरी परतणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांपासून हे सारे रंग हातभर अंतरावर असतात.

प्रस्तुत पाठ या रंगांविषयी आहे. तंबाखूच्या पाकिटावरून निर्मात्याचे रंग, बोधचिन्हे व नक्षी काढून टाकावी, सर्व पाकिटे एकाच निरस रंगाची करावी आणि त्यांवर मालाचे नाव केवळ ठरावीक आकाराच्या साध्या अक्षरांत छापू द्यावे, या उपायास ‘साधे वेष्टन’ असे म्हणतात. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत त्याची पुष्कळ चर्चा झाली आहे. हा उपाय कोणत्या मार्गाने परिणाम करतो, आणि दुर्गाघाटच्या किंवा पुण्याच्या पानाच्या दुकानापर्यंत तो कितपत पोहोचू शकेल, हे येथे पाहावयाचे आहे.

पाकीट हीच जाहिरात

साखरेची पिशवी घरी आणली की साखर डब्यात जाते आणि पिशवी केरात जाते. सिगारेटच्या पाकिटाचे तसे नसते. ते खिशात राहते, दिवसातून अनेक वेळा बाहेर निघते, चहाच्या टेबलावर चारचौघांच्या समोर पडून असते. प्रत्येक धूम्रपान करणारा मनुष्य अशा रीतीने आपल्या मित्रमंडळींत, आणि दुर्दैवाने आपल्या मुलांतही, त्या मालाची जाहिरात फुकट मिरवीत असतो. पाकिटाची ही शक्ती व्यापाऱ्यांना फार पूर्वीच उमगली होती.

भारतात १९७५ च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर आरोग्यास अपाय होत असल्याची सूचना छापणे बंधनकारक झाले. ती अक्षरे इतकी बारीक असत की ती वाचण्यापेक्षा तिच्याकडे दुर्लक्ष करणे सोपे होते. पुढे २००३ चा व्यापक कायदा आला आणि १ मे २००४ पासून वृत्तपत्रे, चित्रफलक, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवरील तंबाखूची प्रत्यक्ष जाहिरात बंद झाली. उरल्या केवळ दोन जागा: विक्रीच्या ठिकाणचा मर्यादित आकाराचा फलक, आणि खुद्द पाकीट. नदीचा मुख्य प्रवाह अडवला म्हणजे पाणी जसे उरलेल्या चिरेतून जोराने वाहू लागते, तसे जाहिरातीचे सारे बळ या चिरेकडे वळले.

रंग केवळ शोभेसाठी नसतात. ते काही सांगतही असतात. पांढरा, रुपेरी किंवा फिका निळा रंग पाहिला की आतील सिगारेट ‘सौम्य’ असावी असे मनास वाटते. गडद लाल रंग पाहिला की ती कडक वाटते. ‘लाइट’, ‘माइल्ड’ यांसारख्या शब्दांवर अनेक देशांनी बंदी घातली, तेव्हा त्या शब्दांचे काम रंगांनी पत्करले. वस्तुतः ‘सौम्य’ सिगारेट ही मोठीच फसवणूक होती. तिच्या गाळणीला सूक्ष्म छिद्रे पाडलेली असत. परीक्षणयंत्र ती ओढू लागले की छिद्रांतून हवा आत शिरे, धूर पातळ होई आणि यंत्रावर विषारी द्रव्याचे प्रमाण कमी दिसे. मनुष्य यंत्र नव्हे. त्याची बोटे व ओठ छिद्रे झाकून टाकतात. शिवाय शरीराला सवयीइतके निकोटिन हवे असल्यामुळे तो अधिक खोल आणि अधिक वेळा झुरका घेतो. परिणामी त्याच्या फुप्फुसात जाणारे विष जवळजवळ पूर्वीइतकेच राहते.

ऑस्ट्रेलियाचा प्रयोग

साध्या वेष्टनाची कल्पना कॅनडात १९९४ मध्येच संसदीय चर्चेपर्यंत पोहोचली होती, परंतु ती अंमलात आणण्याचे धैर्य प्रथम ऑस्ट्रेलियाने केले. तेथील कायदा २०११ मध्ये संमत झाला व १ डिसेंबर २०१२ पासून देशातील प्रत्येक दुकानात केवळ साधी पाकिटे विकली जाऊ लागली. पाकिटाच्या पुढील बाजूचा ७५ टक्के आणि मागील बाजूचा ९० टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापलेला. उरलेल्या जागेत चकाकी नसलेला, मळकट, गडद तपकिरी रंग.

हा रंग कसा ठरला, हे मोठे मौजेचे आहे. सामान्यतः रंगतज्ज्ञांना ग्राहकास सर्वाधिक आवडेल असा रंग शोधण्यास सांगतात. येथे सर्वांत नावडता रंग शोधण्याचे काम सोपविण्यात आले. अनेक रंगांची पाकिटे धूम्रपान करणाऱ्यांपुढे ठेवून त्यांची मते घेतली गेली आणि हा तपकिरी रंग निश्चित झाला. प्रथम अधिकारी त्यास ‘ऑलिव्ह हिरवा’ म्हणत असत. त्यावर तेथील ऑलिव्ह उत्पादकांनी तक्रार केली की आमच्या फळाची अकारण बदनामी होत आहे. तेव्हा नाव बदलावे लागले.

तंबाखूच्या कंपन्यांनी कायद्याला न्यायालयात आव्हान दिले. आमचे व्यापारचिन्ह ही आमची मालमत्ता असून सरकार ती मोबदला न देता हिरावून घेत आहे, असा त्यांचा दावा होता. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने १५ ऑगस्ट २०१२ रोजी सहा विरुद्ध एक अशा बहुमताने तो फेटाळला. चिन्हाचा वापर मर्यादित केला म्हणजे सरकारला ती मालमत्ता मिळाली असे होत नाही, हा त्यातील मुख्य मुद्दा होता. एका कंपनीने हाँगकाँगशी झालेल्या गुंतवणूक कराराचा आधार घेऊन लवादाकडे धाव घेतली; ते प्रकरणही डिसेंबर २०१५ मध्ये निकाली निघाले आणि कंपनीला यश आले नाही. जागतिक व्यापार संघटनेत काही देशांनी केलेल्या तक्रारींचा अंतिम निर्णय जून २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बाजूने लागला. या आठ वर्षांच्या झगड्याकडे पाहिले म्हणजे एक प्रश्न साहजिकच उद्भवतो: पाकिटाच्या रंगाचा विक्रीवर काहीच परिणाम होत नसता, तर तो टिकविण्यासाठी इतका द्रव्यव्यय कोणी केला असता काय?

तथापि तर्क हा पुरावा नव्हे. आकडे पाहावयास हवेत. साधी पाकिटे बाजारात आल्यावर न्यू साउथ वेल्स व राजधानी प्रदेश येथील व्यसनमुक्ती दूरध्वनीसेवेकडे येणाऱ्या विचारणांत ७८ टक्के वाढ झाली. व्हिक्टोरिया राज्यातील पाहणीत असेही आढळले की, साध्या पाकिटातून सिगारेट ओढणाऱ्यांना आपली सिगारेट वर्षभरापूर्वीच्या मानाने हलक्या प्रतीची व कमी समाधान देणारी वाटू लागली होती. तंबाखू तीच होती; बदलला होता तो तिच्यावरचा कागद. सरकारने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परीक्षणानुसार, या बदलामुळे धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण, बदल न झाल्यास जितके राहिले असते त्याहून ०.५५ टक्क्याने कमी झाले. हा आकडा लहान दिसतो. परंतु त्याचा अर्थ एक लाखाहून अधिक माणसे असा होतो. या परिणामात मोठ्या केलेल्या चित्रांचाही वाटा आहे. रंग आणि चित्र यांचा हिशेब वेगवेगळा मांडणे सोपे नाही.

डोळा कोठे स्थिरावतो

ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये एक सुबक प्रयोग प्रसिद्ध केला. मनुष्याची नजर चित्राच्या कोणत्या भागावर किती वेळा जाते, हे टिपणारे यंत्र त्यांनी वापरले. निरनिराळ्या लोकांना काही नेहमीची रंगीत पाकिटे आणि काही साधी पाकिटे दाखविली; इशारा दोन्हींवर सारखाच होता. जे धूम्रपान करीत नव्हते अथवा आठवड्यातून क्वचित करीत होते, त्यांची नजर साध्या पाकिटावरील इशाऱ्याकडे अधिक वेळा वळली. रोज ओढणाऱ्यांच्या बाबतीत मात्र असा फरक आढळला नाही. सराईत डोळ्याला नको ते न पाहण्याची कला अवगत झालेली असते.

या प्रयोगावरून साध्या वेष्टनाचे खरे गिऱ्हाईक कोण, हे ध्यानात येते. मुरलेल्या व्यसनी माणसापेक्षा उंबरठ्यावर उभा असलेला, अजून पहिले पाकीट विकत न घेतलेला मुलगा वा मुलगी यांच्यावर या उपायाचा भर आहे. या उपायाचे मोजमाप दोन-चार वर्षांत पुरते होत नाही, त्याचे कारणही हेच. आज दहा वर्षांचा असलेला मुलगा पंचविशीत पोहोचेल तेव्हा कोठे त्याचे फळ मोजता येईल.

फ्रान्स व ब्रिटन यांनी २०१६ मध्ये हा मार्ग धरला. आशियात थायलंडने २०१९ मध्ये प्रथम व सिंगापूरने २०२० मध्ये त्याचे अनुकरण केले. आता असे देश वीसहून अधिक झाले आहेत. भारत त्यांत नाही.

भारतातील वाटचाल

भारताने रंग उतरविण्याऐवजी चित्र वाढविण्याचा मार्ग पत्करला. ३१ मे २००९ पासून पाकिटाच्या पुढील बाजूच्या ४० टक्के भागावर चित्र आले. पहिली चित्रे फार दुर्बळ होती. चघळण्याच्या तंबाखूवर विंचू छापला होता! कर्करोगाच्या नावात खेकडा आहे हे ठाऊक असलेल्यालाही या विंचवाचा बोध होणे कठीण. मग निरक्षर मजुराची काय कथा? पुढे चित्रे बदलली, आणि ऑक्टोबर २०१४ च्या अधिसूचनेने दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्यासाठी राखून ठेवण्याचे ठरले. याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने एका याचिकेच्या निमित्ताने साध्या वेष्टनाचा विचार करावा असे केंद्र सरकारला सुचविले. दुर्गाघाट ज्या राज्यात आहे त्याच राज्याच्या उच्च न्यायालयातून ही सूचना निघाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

८५ टक्के नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हावयाचा होता. तो पुढे ढकलला गेला. लोकसभेच्या एका समितीने अधिक अभ्यासाची मागणी केली, आणि समितीचे अध्यक्ष, अहमदनगरचे तत्कालीन खासदार दिलीप गांधी यांनी तंबाखू व कर्करोग यांचा संबंध दाखविणारे भारतीय संशोधन उपलब्ध नाही अशा आशयाचे विधान केले. या विधानावर देशभर टीका झाली, आणि ती योग्यच होती. कारण असे संशोधन साठ वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्याच राजधानीत झालेले होते. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी संघवी व राव या सहकाऱ्यांसह १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. कर्करोगाचे रुग्ण आणि तो रोग नसलेली माणसे यांच्या सवयींची त्यांनी तुलना केली, तेव्हा तंबाखू चघळणे व ओढणे या दोन्हींचा मुखाच्या आणि घशाच्या कर्करोगाशी संबंध स्पष्ट दिसून आला. इंग्लंडमधील डॉल व हिल यांचा फुप्फुसाच्या कर्करोगावरील प्रसिद्ध निबंध १९५० चा. म्हणजे मुंबईची प्रयोगशाळा जगाच्या फार मागे नव्हती. अशा वेळी पुरावा नाही असे म्हणणे म्हणजे घरातील दिवा झाकून अंधाराची तक्रार करण्यासारखे होय.

मार्च २०१६ मध्ये समितीने इशारा ५० टक्क्यांवर आणावा अशी शिफारस केली. सरकारने ती मानली नाही आणि १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्के नियम अंमलात आला. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तो रद्द ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०१८ रोजी त्या निर्णयाला स्थगिती दिल्यामुळे तो टिकून राहिला.

आता थोडे गणित करू. पाकिटाची दर्शनी बाजू ८.५ सेंटिमीटर उंच व ५.५ सेंटिमीटर रुंद आहे असे समजा. तिचे क्षेत्रफळ ४६.७५ चौरस सेंटिमीटर. त्यातील ८५ टक्के, म्हणजे सुमारे ३९.७ चौरस सेंटिमीटर, इशाऱ्याचे. निर्मात्याला उरतात केवळ ७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे टपालाच्या एका लहानशा तिकिटाएवढी जागा. भारत साध्या वेष्टनाच्या अगदी दाराशी येऊन थांबला आहे, असे यावरून वाटेल. पण त्या तिकिटाएवढ्या जागेत, पाकिटाच्या अरुंद कडांवर आणि झाकणाच्या आत अजूनही सोनेरी मुलामा, उठावाची अक्षरे व ओळखीचा रंग यांना वाव आहे. आणि ओळख पटविण्यास डोळ्याला एवढेही पुरते.

चित्रांचा उपयोग झाला काय? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत सिगारेट ओढणाऱ्यांपैकी सुमारे ६२ टक्के, बिडी ओढणाऱ्यांपैकी ५४ टक्के आणि तंबाखू चघळणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोकांनी पाकिटावरील इशाऱ्यामुळे व्यसन सोडण्याचा विचार मनात आल्याचे सांगितले. २००९-१० च्या पाहणीत हेच प्रमाण अनुक्रमे ३८, २९ आणि ३४ होते. विचार येणे व व्यसन सुटणे यांत अर्थातच मोठे अंतर आहे. पण चघळणाऱ्यांच्या बाबतीतली वाढ सर्वांत कमी का, हा प्रश्न आपल्याला पुन्हा गल्लीतल्या दुकानाकडे नेतो.

गल्लीतील हिशेब

ऑस्ट्रेलियात तंबाखू म्हणजे मुख्यतः पाकीटबंद सिगारेट. भारतात तसे नाही. त्याच पाहणीनुसार देशातील प्रौढांपैकी सिगारेट ओढणारे सुमारे ४ टक्के, बिडी ओढणारे ७.७ टक्के, आणि धूर न करता तंबाखू खाणारे २१.४ टक्के होते. उत्तर प्रदेशात तंबाखू ओढणारे १३.५ टक्के, तर खाणारे २९.४ टक्के. महाराष्ट्राची स्थिती अधिकच बोलकी आहे: ओढणारे केवळ ३.८ टक्के आणि खाणारे २४.४ टक्के. यावरून दिसून येईल की, केवळ सिगारेटचे पाकीट तपकिरी केल्याने रोगाच्या मुख्य कारणाला स्पर्शही होणार नाही.

शिवाय पाकीट गिऱ्हाइकाच्या हाती पडले तरच त्याचा रंग बोलणार. गल्लीतले गिऱ्हाईक पुष्कळदा एकच सिगारेट मागते. पानवाला पाकिटातून ती काढून देतो, दोरीच्या पेटत्या टोकावर ती शिलगावली जाते, आणि पाकीट दुकानातच राहते. त्यावरचे सडलेल्या जबड्याचे चित्र फक्त पानवाल्यासाठी! शाळकरी मुलाच्या खिशात संपूर्ण पाकिटाचे पैसे नसतात; एका सिगारेटचे असू शकतात. उत्तर प्रदेशाने २०१५ मध्ये आणि महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली ती याच कारणाने. साध्या वेष्टनाचा कायदा कधी झालाच, तर या बंदीची कसून अंमलबजावणी ही त्याची पहिली अट ठरेल. अंमलबजावणीवाचून तो कायदा म्हणजे बंद पेटीवर लिहिलेला इशारा.

बनारसी पानाची गोष्ट आणखी निराळी. या पानाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; त्याच्या नाजूक, मुरवलेल्या पानाचे कौतुक रास्तच आहे. मात्र त्या विड्यात जर्दा पडला म्हणजे त्याचे स्वरूप बदलते, आणि जर्द्याच्या डब्यावरील चित्र खाणाऱ्याला कधीच दिसत नाही. त्याला दिसते ते हिरवे पान. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विडा १९८५ मध्येच कर्करोगकारक ठरविला होता. तंबाखू नसलेला सुपारीचा विडाही निर्धोक नाही, असा निर्वाळा तिने २००४ मध्ये दिला. पानाला कोणते साधे वेष्टन करणार? येथे वेष्टनाचा उपाय संपतो, आणि पानवाल्याने विचारल्याशिवाय जर्दा घालू नये यासारख्या साध्या रिवाजाची गरज लागते.

पुड्यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. उत्तर प्रदेशात १ एप्रिल २०१३ पासून गुटख्यावर बंदी आली. महाराष्ट्रात ती जुलै २०१२ मध्ये, पान मसाल्यासह, आली होती. उत्पादकांनी उत्तर प्रदेशात लगेच एका पुडीच्या दोन पुड्या केल्या: एकीत पान मसाला, दुसरीत तंबाखू. गिऱ्हाईक दोन्ही घेतो व तळहातावर मिसळतो. तंबाखूच्या पुडीवर ८५ टक्के इशारा असतो. पान मसाल्याच्या पुडीवर तंबाखूचा तो इशारा नसतो, कारण कायद्याच्या दृष्टीने तिच्यात तंबाखू नाही. उद्या तंबाखूची पुडी मळकट तपकिरी केली, तरी तिची जुळी बहीण त्याच नावाने, झळाळत्या रंगांत, शेजारच्या लडीवर लोंबत राहील. उत्तर प्रदेश शासनाने १ जून २०२४ पासून पान मसाला व तंबाखू एकाच ठिकाणी विकण्यास मनाई केली ती ही पळवाट बुजविण्यासाठी. भारतीय साध्या वेष्टनाचा मसुदा करणाऱ्यांना सिगारेटच्या पाकिटापेक्षा या पुडीचाच विचार अगोदर करावा लागेल. तिच्यावरचे नाव आणि रंग या दोन्हींना नियम लावावा लागेल, मग आत तंबाखू असो वा नसो. बिडीच्या बंडलाचे काम त्या मानाने सोपे आहे. त्यावरील पातळ, रंगीत कागद बदलून एकाच रंगाचा कागद सक्तीचा करणे यंत्राच्या दृष्टीने अवघड नाही. अवघड आहे ते हजारो लहान कारखान्यांवर देखरेख ठेवणे.

या साऱ्याचे मोल वाराणसीतच मोजता येते. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या वतीने चालविली जाणारी दोन कर्करोग रुग्णालये येथे आहेत. हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातील महामना मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्राचे उद्घाटन फेब्रुवारी २०१९ मध्ये झाले. पूर्वी ज्या रुग्णांना गाडीने मुंबई गाठून परळच्या पदपथावर दिवस काढावे लागत, त्यांतील पुष्कळांना आता येथेच उपचार मिळतात. देशात तंबाखूमुळे दरवर्षी सुमारे साडेतेरा लाख माणसे मृत्यू पावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

१ सप्टेंबर २०१८ पासून प्रत्येक पाकिटावरील इशाऱ्यात व्यसन सोडण्यास साहाय्य करणाऱ्या निःशुल्क दूरध्वनीचा क्रमांकही छापला जातो: १८००-११-२३५६. पाकीट साधे झाले तर हा क्रमांक अधिक ठळकपणे दिसेल, हे ऑस्ट्रेलियाच्या अनुभवावरून अपेक्षिता येते. सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या अथवा जर्द्याचा विडा तोंडात टाकणाऱ्याच्या हाती मात्र तो पडत नाही. त्यांच्यासाठी तो दुकानाच्या दर्शनी फलकावर, हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहावा लागेल, आणि दुर्गाघाटच्या गल्लीत हवे असल्यास मराठीतही.